प्रिस्काचा अंगठा

९ सप्टेंबर

पोचले एकदाची! आमच्या लिंगायत घरात मासे हा बोलायचासुद्धा विषय नाही, आणि मला नोकरी लागली ती पाचूबंदरच्या धक्क्यावर. बार्शीहून निघताना आईने शेंगाची चटणी आणि ज्वारीचं पीठ इतकं भरून दिलंय की मी वसईला नव्हे, वनवासाला निघाले आहे असं बघणाऱ्याला वाटावं. राहायची सोय आचोळ्यात झाली. अमिषा नावाच्या मुलीसोबत एक खोली. ती गुजराती आहे, पण मराठी आमच्या गल्लीतल्या पोरांपेक्षा बरी बोलते.

ऑफिसचं नाव मोठं, बंदर शुल्क केंद्र. प्रत्यक्षात बर्फाच्या गोदामावरची एक खोली. होडीच्या परवान्याचं नूतनीकरण, धक्का वापरायचं शुल्क, लिलावाच्या ओट्यावर टोपली मांडायची जागा, असं जे काही सरकारला द्यायचं ते इथे भरायचं. पूर्वी पावतीपुस्तकं असायची, आता सगळं पोर्टलवर. माझ्या पदाचं नाव ऑपरेटर आहे. कंत्राटी असले तरी खुर्ची फिरती आहे आणि खिडकीतून समुद्र दिसतो, मग आणखी काय पाहिजे?

प्रमुख शांताराम साहेब खालच्या मजल्यावर बसतात. गृहस्थ मऊ बोलतात आणि बोलताना चष्मा पुसत राहतात. वरच्या खोलीत रोकड असते म्हणून तिचं दार लोखंडी आहे, आणि ते आतून काय, बाहेरून काय, फक्त ऑपरेटरच्या अंगठ्याने उघडतं. साहेबांचाही अंगठा त्याला चालत नाही. मी म्हटलं, वा, म्हणजे मीच राणी. ते हसले नाहीत.

११ सप्टेंबर

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे ऐकून होते. माझा आयडी अजून तयार नाही. मग काम कसं करायचं? साहेबांनी ड्रॉवरमधून काजळाच्या डबीएवढी डबी काढली. आत रबरासारखा पातळ, पिवळट पापुद्रा. नीट बघितलं तर त्यावर रेषा होत्या, अंगठ्याच्या!

माझ्या आधी इथे प्रिस्का नावाची मुलगी होती, ती आखातात गेली म्हणे. तिचा आयडी चालू आहे. तुमचा येईपर्यंत तिच्याच अंगठ्यावर भागवा, सगळीकडे असंच चालतं, असं साहेब म्हणाले. खोटं नाही. आमच्या बार्शीत माझी मैत्रीण वर्षभर बदली झालेल्या माणसाच्या पासवर्डवर काम करत होती. पण पासवर्ड वेगळा आणि अंगठा वेगळा. तो पापुद्रा बोटावर चढवला तेव्हा शिसारी आली. थंडगार होता, आणि चढवल्यावर लगेच ऊबदार झाला.

दार उघडलं. मशीनने स्वागत केलं, ‘सुप्रभात प्रिस्का’. दिवसभर माझ्या प्रत्येक पावतीखाली तिचं नाव छापून येत होतं.

१७ सप्टेंबर

काम अंगवळणी पडलं. नाखवे सुरुवातीला तुटक वागायचे, आता वागत नाहीत. एकाने मला पापलेट आणून दिलं. मी खात नाही म्हटल्यावर त्याला वाटलं माझी तब्येत बरी नाही.

सालोमीमावशींचं मात्र कोडं आहे. त्या लुगडं नेसतात, गळ्यात क्रूस असतो, बोलणं मोजकंच. रोज सकाळी येऊन टोपलीच्या जागेचं शुल्क भरतात आणि पावती घेऊन निघून जातात. खिडकीतून बघते तर ओट्यावर त्यांची टोपलीच नसते! म्हटलं, मावशी, मासळी नाही तर पैसे कशाला घालवता? त्यांनी पावतीची घडी घातली, ओठांना लावली आणि चोळीत ठेवली. मला चेष्टा सुचत होती, पण जीभ आवरली हे बरं झालं.

२६ सप्टेंबर

आनंदाची बातमी! आज पापुद्रा चढवायला विसरले, नुसताच अंगठा टेकवला आणि दार उघडलं. म्हणजे माझी नोंदणी झाली. साहेबांना सांगायला धावत खाली गेले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. चष्मा पुसत म्हणाले, बरं झालं, आता ती डबी टाकून द्या. मी टाकली नाही. तशीही त्या रबराला तडे गेले आहेत.

फक्त पावतीवर नाव अजून प्रिस्काचंच येतंय. आणि माझा फोन माझा अंगठा घेईनासा झालाय. पासवर्ड टाकावा लागतो. समुद्राची हवा, दुसरं काय?

आज अमिषाच्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. आईला कळलं तर घरात घ्यायची नाही.

४ ऑक्टोबर

हे नीट लिहून ठेवते, कारण मला स्वतःलाच खरं वाटत नाहीये.

फोन पासवर्डही घेईना, बँकेचं ॲपही उघडेना, म्हणून आधार केंद्रात गेले. तिथल्या मुलाने अंगठा टेकवायला सांगितला. पडद्यावर माझा फोटो यायला हवा होता. आली एक दुसरीच मुलगी. गोल चेहरा, कपाळावर केसांची बट. मुलगा म्हणाला, मॅडम, तुमचं नाव प्रिस्का आहे, फॉर्मवर क्षितिजा कशाला लिहिलंत? मी म्हटलं, अहो, फोटो बघा, ही मी आहे का? त्याने फोटो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, तुम्हीच आहात की. थोड्या वाळलात, एवढंच.

बाहेर येऊन पानाच्या दुकानातल्या आरशात बघितलं. मीच होते. माझंच नाक, माझाच तीळ. मग तो मुलगा काय बघत होता?

अंगठा भिंगाखाली धरला. लहानपणी विळीवर कापला होता तो व्रण होता माझ्या अंगठ्यावर, आडवा. तो गेला आहे. रेषा गोल गोल, नितळ. डबीतल्या पापुद्र्याशी लावून बघितल्या. तंतोतंत त्याच.

९ ऑक्टोबर

आज साहेबांना धरलं. म्हटलं, आखातातला प्रिस्काचा नंबर द्या, मी बोलते. ते चष्मा पुसत राहिले. त्यांच्या हातून तो ओढून घ्यावासा वाटला. शेवटी म्हणाले, सालोमीबाईंना विचारा.

सालोमीमावशींचं घर कोळीवाड्यात, रस्त्यावरच्या क्रुसाच्या मागे. दार उघडताच भिंतीवर फोटो दिसला. तीच बट, तोच गोल चेहरा. हार घातलेला.

प्रिस्का त्यांची मुलगी. होळीच्या सुमारास काविळीने गेली. मावशींनी सगळं सांगितलं, न रडता. त्या दिवसांत केंद्र बंद पडलं होतं. प्रिस्काशिवाय पोर्टल उघडेना, कुणाची पावती निघेना, पावतीशिवाय होड्यांना डिझेल मिळेना. नवीन माणसाचा आयडी काढायचा तर आधी जुना बंद करायला हवा, आणि जुना बंद करायचा तर ज्याचा त्याचाच अंगठा लागतो. मेलेल्या माणसाने मी मेले म्हणून अंगठा द्यायचा! असा कारभार कुणाच्या डोक्यातून निघाला असेल?

म्हणून शवपेटीवर झाकण घालायच्या आधी शांताराम साहेब आले होते. सोबत नाखवे होते, गावाचं पोट होतं. देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, मेणबत्तीचं मेण पातळ करून त्यात तिचा अंगठा टेकवला, आणि त्या साच्यात रबर ओतलं. सगळे मावशींच्या तोंडाकडे बघत होते. मावशींनीच मुलीचा हात धरून दिला. म्हणाल्या, “मना वाटला, पोर गेली तरी पावतीवर नाव रोज येल. तेवढाच जीवाला आधार.”

पहिले काही महिने बरं वाटलं म्हणे. आता स्वप्नात येते. ओल्या केसांनी ऑफिसच्या खिडकीत उभी असते आणि म्हणते, आये, मना जाव दे. सिमिटरीत बाकी सगळ्या थडग्यांवर मेणबत्त्या जळतात, प्रिस्काच्या थडग्यावरची लावल्याबरोबर विझते.

मला राग यायला हवा होता. आला नाही. मावशींचा हात हातात घेऊन मी बराच वेळ बसले. निघताना त्यांनी सवयीने म्हटलं, जपून जा प्रिस्का. आणि मी वळून ‘हो आये’ म्हणाले.

१४ ऑक्टोबर

राजीनामा दिला. कागदावर चालत नाही, पोर्टलवरच द्यायचा. अंगठा टेकवला. पडद्यावर उत्तर आलं, ‘प्रिस्का, आपला अर्ज नामंजूर. पर्यायी ऑपरेटर उपलब्ध नाही.’

मग मी कोण? ऑपरेटर नाही, तर पर्यायी का नाही?

साहेब म्हणतात, तुमच्या नावाची नेमणूक शोधली, सापडत नाही. नेमणुकीचं पत्र मी पेटीत ठेवलं होतं, ते काढलं. कागद आहे. शिक्का आहे. नावाच्या जागी कोरं.

१८ ऑक्टोबर

दिवाळी आली. काल वसुबारस झाली, आज धनत्रयोदशी, आणि मी इथे. अमिषाच्या फोनवरून आईला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई दिसली, मागे कंदील, करंज्यांचं तबक. मी म्हटलं, आई!

आईने डोळे बारीक केले. म्हणाली, “कोण गं तू? आमची क्षितिजा आहे का शेजारी? तिला दे जरा फोन.”

मी म्हटलं, अगं मीच. ती हसली, परक्या मुलीशी हसतात तशी, अदबीने. आवाज चांगला आहे हो तुमचा, म्हणाली. आमची पोरगी कामात असते, फोनच उचलत नाही. तिला सांगा, आई वाट बघतेय. तिने ऑफिसचा नंबर देऊन ठेवलाय, तिथेच लावीन एकदा.

फोन ठेवला. मला दुसरं काही नको. पगार नको, नोकरी नको. माझं नाव परत पाहिजे, आईने मला ओळखायला पाहिजे. तोवर बार्शीला जाऊन काय करू? तिच्या दारात परकी म्हणून उभी राहू?

अमिषाने पाठीवर हात ठेवला. म्हणाली, रडू नको ना प्रिस्का.

२४ ऑक्टोबर

साहेब आणि सालोमीमावशी दोघं काउंटरच्या खिडकीशी आले. मावशींच्या हातात मृत्यूचा दाखला. साहेब म्हणाले, रबराने आयडी बंद होत नव्हता, आता खरा अंगठा आहे, मग बंद करू. प्रिस्का सुटेल, तुमचा आयडी आपोआप उघडेल. मी विचारलं, नक्की? ते म्हणाले, आजवर कुणी केलेलं नाही.

मी अर्ज उघडला. दाखल्याचा नंबर भरला. ‘हयात’ होतं तिथे ‘मृत’ निवडलं.

निवडल्याबरोबर छातीत थांबलं. दुखलं नाही. नुसतं थांबलं. गोदामाचं यंत्र बंद पडल्यावर कसं कानांना कळतं, तसं आत कळलं. हात निळे पडले. आता फक्त अंगठा टेकवायचा होता. मी खुर्ची मागे लोटली आणि स्क्रीन बंद केला. मग हळूहळू पुन्हा सुरू झालं. धप्. धप्.

आता कळलं. माझ्याकडे तिचाच अंगठा आहे. ती मेली असं लिहिलं, तर मरेल कोण?

३० ऑक्टोबर

अर्ज अर्धवट राहिला म्हणून पोर्टलवर प्रिस्काच्या नावापुढे ‘प्रक्रियाधीन’ आलं आहे. परवा संध्याकाळी घरी निघाले. अंगठा टेकवला. दार उघडलं नाही.

अजून उघडलेलं नाही.

संडास-नळ आतच आहे, तेवढं नशीब. जेवण काउंटरच्या फटीतून येतं. साहेब म्हणतात, दार तोडायला वरून मंजुरी लागते. मंजुरीचा अर्ज ऑपरेटरच्या आयडीवरून करायचा. मी हसले. खूप वेळ हसत होते. खाली लिलाव थांबला आणि लोक वर बघू लागले, तेव्हा हसणं थांबवलं.

मावशींचा भाऊ निकोलस पहार घेऊन आला. दोन घाव घातले. मग फटीतून आत बघितलं, मला बघितलं. पहार खाली ठेवली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि गेला. परत आला नाही.

३१ ऑक्टोबर

काल संध्याकाळी खिडकीच्या काचेत बघितलं. तीळ नाही.

बट आहे.

माझ्या वडिलांचं नाव आठवत नव्हतं सकाळी. धक्क्यावरच्या प्रत्येक होडीचं नाव मात्र—

आठवलं. महादेव. वडिलांचं नाव महादेव. लिहून ठेवते. बार्शी. भगवंताच्या देवळामागची गल्ली. आई करंजीला मुरड घालते, कातणं वापरत नाही. हे माझं आहे. हे तिचं नाही.

१ नोव्हेंबर

मावशी पायरीवर बसून आहेत, सकाळपासून. जेवल्या नाहीत. उद्या मृतांचा दिवस, फादर थडग्यांवर पाणी शिंपडायला येतात. उद्या तरी तिला मोकळी कर म्हणतात. मला म्हणतात की तिला म्हणतात, कळत नाही. बहुतेक त्यांनाही.

फटीतून त्यांचा हात आला. मी धरला. म्हणाल्या, “मीच तिचा हात धरून दिला व्हता बाय. आता तुझा हात मी धरनार नाय. तुला वाटंल तसा कर.”

जबरदस्ती केली असती तर मी नाही म्हटलं असतं. सहज नाही म्हटलं असतं.

आत कुणीतरी आहे. खोलीत नाही. माझ्यातच, श्वासाच्या मागे. तिला वाईट वाटतंय. तिला मला धरून ठेवायचं नाहीये, तिला फक्त जायचंय. मला फक्त जायचंय. एका अंगठ्यात दोघी अडकलो आहोत आणि दार एकच.

इथे बसून राहिले तर काय होईल ते दिसतंय. रोज थोडी कमी होईन, आणि एक दिवस हे वाचून विचारीन, ही क्षितिजा कोण?

त्यापेक्षा—

२ नोव्हेंबर

टेकवला.

छाती थांबली. मग कुणीतरी माझ्या खांद्यावरून उठून गेल्यासारखं हलकं झालं. ओल्या केसांचा वास आला, गेला. पडद्यावर ‘आयडी कायमचा बंद’. दाराचं कुलूप कट् करून उघडलं.

मी जिवंत आहे! लिहितेय की!

मावशी आत आल्या. मी उठून उभी राहिले. त्या माझ्याकडे आल्या, आणि माझ्या बाजूने पुढे गेल्या. खुर्चीच्या पाठीवर हात फिरवला. गेली पोर माझी, म्हणाल्या, सुटली. रडत होत्या, हसत होत्या. मी म्हटलं, मावशी. मेणबत्ती घेऊन त्या जिना उतरल्या.

अंगठा बघितला. व्रण नाही. तिच्या रेषाही नाहीत. काहीच नाही. गुळगुळीत.

साहेब आले. दार उघडं टाकून, माझ्यासमोर बसून फोनवर बोलले. केंद्रात जागा रिकामी आहे म्हणाले, मुलगी पाठवा. मी टेबलावर हात आपटले. त्यांनी पंख्याकडे बघितलं.

दार उघडं आहे. उंबऱ्यापर्यंत जाते. पुढे पाऊल पडत नाही. दाराने मला ओळखायला हवं ना. कुठला अंगठा—

ऑफिसचा फोन वाजतोय. साहेबांनी उचलला.

आईचा आवाज. इथपर्यंत येतोय. आईच! म्हणतेय, मी बार्शीहून बोलतेय, आमची क्षितिजा, क्षितिजा महादेव, तिला जरा बोलवा. दिवाळीलाही आली नाही.

नाव घेतलं. माझं नाव घेतलं तिने.

साहेबांनी चष्मा पुसला. पोर्टलवर नाव घातलं. शोधताहेत. खोटं बोलत नाहीयेत, मनापासून शोधताहेत. म्हणताहेत, बाई, या नावाचं इथे कधीच कुणी नव्हतं.

आई, ठेवू नकोस. आई, फोन ठेवू नकोस, मी इथेच आहे, साहेबांच्या समोर, मी—